हातगाडीबरोबर पाच दिवस : नाणेघाट ते आहुपे

वाचकहो, तुमच्या घरातून एका दिवसात किती ओझे हलते, हे कधी मोजले आहे काय? पहाटे पाण्याचे दोन हंडे, मग गोठ्यातल्या शेणाच्या पाट्या, दुपारी गवताचा भारा, दिवस मावळताना जळणाची मोळी. एकदा बसून हिशेब करा. यातले बहुतेक ओझे डोक्यावरून जाते आणि ते डोके बहुधा घरच्या बाईचे असते. पूर्वी निदान दाराशी बैलजोडी आणि गाडी असे. आता पुष्कळ घरांत बैल राहिले नाहीत. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, पण चार पोत्यांसाठी तो कोण बोलावणार? म्हणजे डोक्याला जड आणि ट्रॅक्टरला हलके असे जे मधले ओझे, ते शेवटी माणसाच्याच मानेवर राहिले.

मला हे शहाणपण कचेरीत बसून आले नाही. शेतकी पदवी घेऊन विस्ताराच्या कामाला लागल्यापासून माझी निम्मी नोकरी जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम भागात गेली. दर कार्तिकात, भाताची कापणी उरकत आली की मी तरुण शेतकऱ्यांचा एक लहानसा गट घेऊन पायी फिरतो. खाचरे बघायची, बांध बघायचे, लोकांशी बोलायचे, मुक्काम शाळेच्या ओसरीत नाहीतर देवळात. एका वर्षी सगळे सामान पाठीवर घेतले होते. दुसऱ्या दिवशी पोरांचे खांदे सोलले आणि तिसऱ्या दिवशी खाचरे कोणी बघेना, सगळे फक्त सावली बघत. तेव्हा ठरवले, पुढच्या खेपेला हातगाडी करायची. दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात ती केली आणि तिच्याबरोबर पाच दिवस हिंडलो. त्या प्रवासाची ही हकीगत आहे.

गाडी घडली कशी

पहिली गाडी माझ्या अकलेने केली. गोदामात पोती ढकलायला असतात तशी आठ इंची चाके आणली, त्यावर फळी ठोकली. गुळगुळीत फरशीवर ती लोण्यासारखी चालली. गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर पहिला दगड आला आणि गाडी ठप्प. तिचे बरोबरच होते. आठ इंची चाकाचा मध्य जमिनीपासून जेमतेम चार इंचांवर. त्याच्यापुढे तीन इंची दगड म्हणजे भिंतच. तोच दगड सव्वीस इंची चाकाला लागला तर एका हिसक्यात पार होतो. आपल्या बैलगाडीची चाके माणसाच्या छातीला लागतील एवढी मोठी का करत, याचे उत्तर मला पदवीच्या पुस्तकाने नव्हे, त्या दगडाने दिले.

दुसऱ्या खेपेला सायकलची चाके घेतली. तिथेही फसलो. सायकलच्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरलेला असतो. आम्ही तो एकाच बाजूने गाडीला डकवला. पन्नास किलो वजन टाकताच आस वाकला आणि दोन्ही चाके फेंगडी झाली. शेजारी बिडी ओढत बसलेले एक म्हातारे सुतार हसून म्हणाले, "साहेब, गाडीचा निम्मा जीव चाकात अन् निम्मा आसात. तुम्ही नुसती चाकंच आणलीत."

मग त्यांनाच जवळ बसवले आणि वेल्डिंगवाल्या मामांकडून तिसरी गाडी घडवली. एक इंची चौकोनी नळीचा सांगाडा. चार फूट लांब आणि दीड फूट रुंद पाळणा. मालवाहू सायकलची जाड तारांची सव्वीस इंची चाके पाळण्याच्या दोन्ही अंगांना, आणि चाकांच्या बाहेरून आणखी एकेक नळी, म्हणजे आस दोन्ही बाजूंनी पक्का धरला गेला. बाहेरून बाहेर रुंदी अडीच फूट, कारण माणसे चालून पडलेली पाऊलवाट त्याहून फारशी रुंद नसते. पुढे अडीच फुटांच्या दांड्या आणि त्यांना जोडणारी आडवी मूठ, ओढणाऱ्याच्या कमरेशी येईल अशी. पुढे-मागे टेकू, म्हणजे गाडी सोडली की नाक घासत नाही. सगळी गाडी भरली बावीस किलो आणि खर्च आला एका नव्या सायकलीच्या आत-बाहेर.

ओझे भरायचेही शास्त्र आहे, आणि जुन्या गाडीवानांना ते उपजत ठाऊक होते. जड वस्तू खाली आणि बरोबर आसावर, हलक्या वर. सगळा भार आसाच्या किंचित पुढे असावा, इतका की मूठ उचलताना हाताला तीन-चार किलो लागावे. भार मागे गेला तर गाडी ओढणाऱ्यालाच उचलू बघते. फार पुढे आला तर दिवसभरात पाठीचा काटा ढिला होतो. आमचे पाचजणांचे अंथरूण-पांघरूण, ताडपत्री, भांडी, शिधा, वीस लिटर पाण्याचा कॅन, दोर, कंदील आणि औषधांची पेटी मिळून सत्तर किलो झाले. गाडी धरून ब्याण्णव. दहा फूट चाललो की एक फूट वर जाईल अशा चढावर नुसत्या चढाचेच नऊ-सव्वानऊ किलोचे ओढण लागते, शिवाय मातीचा अडथळा वेगळा. एकाने ओढावे, दुसऱ्याने मागून हात लावावा. उतारावर उलट : पुढच्याने फक्त दिशा धरावी आणि मागच्याने दोर ताणून गाडी आवरावी.

जुन्नरहून घाटघरकडे

सकाळी जुन्नर सोडले तेव्हा शिवनेरीच्या कड्यावर ऊन उतरत होते. शिवाजी महाराजांचा जन्म या किल्ल्यावर १६३० साली झाला हे शाळेतले पोरही सांगते. पण शेतकऱ्याच्या नजरेने हा गड पाहिला तर तिथे खडकात कोरलेली पाण्याची टाकी आधी दिसतात. वर धान्य आणि पाणी असल्याशिवाय कुठलाच गड लढत नाही. मुक्कामाचेही तेच. आमच्या गाडीत आसावर पहिल्यांदा ठेवला तो पाण्याचा कॅन.

पूर्वेकडे, नारायणगावच्या बाजूला, ऊस, टोमॅटो, द्राक्षे यांचा बागायती पट्टा. आम्ही त्याला पाठ करून कुकडीच्या खोऱ्याने पश्चिमेला निघालो. माणिकडोह धरणाचे पाणी दिसू लागते तशी जमीन वर चढू लागते, रस्ता वळणे घेतो आणि शेते लहान होत जातात. चावंडचा किल्ला बराच वेळ सोबत करतो. डांबरी रस्त्यावर गाडी इतकी हलकी चालली की पोरे आळीपाळीने ओढायला भांडू लागली. ज्याला नाही ओढायचे त्याने बांधावरच्या गवताची नावे सांगायची, असा नियम मी केला आणि गाडी ओढणाऱ्यांची संख्या आणखी वाढली.

दुपारी एका पडीक रानात मेंढपाळांचा वाडा उतरलेला दिसला. पारनेरकडची माणसे. पावसाळा सरला की ती मेंढ्या घेऊन हिंडतात आणि शेतकरी खतासाठी त्या रानात बसवून घेतात. मुक्काम कसा हलवावा हे शिकायचे तर यांच्याकडून. सगळे बिऱ्हाड दोन तट्टांवर : खाली धान्याच्या गोण्या, त्यावर मेंढ्या कोंडायची वाघर, वर अंथरुणे, सगळ्यात वर कोंबड्यांची डालगी आणि कधी कधी एखादे लेकरू. वाड्यातल्या बाईने आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाली, "एवढं सामान? पाच दिसांसाठी? आमचं तर आठ महिन्यांचं हाय." आम्ही ओशाळून हसलो. संध्याकाळी सामान पुन्हा मांडले आणि दोन पातेली, एक जादा सतरंजी आणि माझ्या तीन पुस्तकांपैकी दोन शाळेच्या शिपायाकडे ठेवून दिली. आठ किलो कमी झाले. गाडीला वंगण देण्याइतकेच हेही महत्त्वाचे आहे. सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे न घेतलेले ओझे.

त्याच बाईने आणखी एक गोष्ट सांगितली. या भागात आता उघड्यावर निजायची सोय राहिली नाही. उसाच्या आधाराने बिबटे गावाजवळ आले आहेत. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, यावरूनच काय ते समजा. वाड्यावर बिबट्या आला तर आधी कुत्रे जाते, मग कोकरू. म्हणून सांगतो, मुक्काम करायचा तर शाळेची खोली, देवळाचा गाभारा-सभामंडप, कोणाचे घर असे काहीतरी पक्के बघा. उजेड ठेवा आणि लहान मुलाला कडेला निजवू नका. गाडीत कितीही उत्तम तंबू असला तरी तो भिंतीची बरोबरी करत नाही.

जिथे चाक थांबते

दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता घाटघरला पोचलो. जीवधनचा कडा समोर काळाकभिन्न उभा. तिसऱ्या दिवशी पहाटे गाडी घेऊन नाणेघाटाच्या तोंडाशी गेलो. सपाटी संपते, दोन टेकाडांच्या मध्ये एक अरुंद खिंड लागते आणि पलीकडे एकदम कोकण उघडते. खिंडीच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून तो दाखवतात. खाली उतरले की लेणे. त्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरले आहेत. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, पण आता त्यांची पावले आणि वरची नावे तेवढी उरली आहेत.

पोरे पावले बघत राहिली. मी वाटेकडे बघत होतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून आलेला माल याच वाटेने जुन्नरला चढे. वाट दगडी, पायऱ्यापायऱ्यांची. इथे चाकाचे काही काम नाही. माल चढला तो जनावरांच्या आणि माणसांच्या पाठीवरूनच. एवढा मोठा व्यापार, त्याची जकात, त्याचे राज्य, आणि सगळ्यांच्या मुळाशी एक सोपी गोष्ट : पाठीवर घेता येईल एवढाच एकेक नग. घाटाच्या वर गाडी, घाटात पाठ, घाटाखाली पुन्हा गाडी. ज्याला हे साधले त्याचा माल पोचला.

आम्ही तिथेच प्रयोग केला. गाडी रांजणाजवळ सोडली आणि सामान उचलून अर्धी वाट उतरायचे ठरवले. उचलताच चूक कळली. आमचे शिध्याचे पोते वीस किलोचे, त्याला धरायला ना कान ना पट्टा. घाटघरला परत आल्यावर सुईदोरा घेऊन बसलो आणि सगळे सामान सहा गाठोड्यांत वाटले. प्रत्येक बारा किलोच्या आत, प्रत्येकाला जुन्या पट्ट्यांचे दोन कान. गाडी म्हणजे सहा गाठोड्यांना काही वेळ मिळालेली चाके, एवढेच समजायचे. चाक थांबले की गाठोडी पाठीवर आणि माणूस पुढे.

तिथून निघण्याआधी, चुलीवर चहा उकळत असताना, मी पोरांना हातगाड्यांची एक खरी गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो. अमेरिकेत १८५६ साली मॉर्मन पंथाची गरीब कुटुंबे, बरीचशी विलायतेहून आणि उत्तर युरोपातून आलेली, आयोवा भागातून सॉल्ट लेकच्या खोऱ्याकडे निघाली. वाट दोन हजार किलोमीटरांच्या वर. बैल आणि मोठ्या गाड्या घ्यायला पैसे नव्हते, म्हणून लाकडी हातगाड्या करून त्यांत भांडी, अंथरुणे, पीठ घालून ती माणसे स्वतःच ओढत गेली. पुष्कळ तांडे नीट पोचले. पण त्या वर्षीचे शेवटचे दोन तांडे उशिरा निघाले. त्यांच्या गाड्या घाईने, ओल्या लाकडाच्या केलेल्या. कोरड्या हवेत लाकूड आकसले, चाके खिळखिळी झाली, वाळूने आस झिजले. दुरुस्तीत आणखी दिवस गेले आणि डोंगरात बर्फाने गाठले. दोनशेहून अधिक माणसे गेली.

एक पोरगा म्हणाला, "म्हणजे गाडीनं मारलं?" मी म्हटले, "नाही रे. गाडी वाईट होती हे खरं. पण मुख्य म्हणजे निघायला उशीर झाला." हे वाक्य मी सहज बोललो. ते दुसऱ्याच दिवशी माझ्याच पुढे येऊन उभे राहणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

डिंभ्याच्या कडेने

गाडी टेम्पोत घालून घोडेगावला आलो. तालुक्याचे नाव आंबेगाव, पण मूळ आंबेगाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. घोड नदीचे हे पाणी खाली किती शेते भिजवते हे मला कागदावर पाठ आहे. धरणाच्या फुगवट्याच्या कडेने चालताना मात्र आकडे आठवत नाहीत. एखाद्या म्हाताऱ्याने पाण्याकडे बोट करून "तिथं आमचं खळं होतं" म्हटले की आपण गप्प बसतो.

टेम्पोने धरणाच्या पुढे सोडले. इथून वाट डोंगरात शिरते. उतारावर उतरंडीसारखी लावलेली भाताची खाचरे, वरच्या अंगाला नाचणी-वरईची रिकामी झालेली राने, कडेला हिरड्याची झाडे. उन्हाळ्यात बाळहिरडा वेचून इथली महादेव कोळी कुटुंबे चार पैसे करतात. उतारावर खाचर पाडायचे काम, पडकई, ही इथली जुनी रीत. दहा घरांनी मिळून आज एकाची, उद्या दुसऱ्याची ताल घालायची. हातांनी, दगडावर दगड बसवून.

चौथ्या दिवशी दुपारी माळीणला थांबलो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी इथे डोंगर खाली आला. मुसळधार पाऊस चालू होता. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाला गावाच्या जागी चिखल दिसला आणि मग जगाला कळले. दीडशेच्या आसपास माणसे त्या चिखलात गेली. वाचलेल्यांसाठी पुढे दुसऱ्या जागी नवे माळीण वसले. जुन्या जागी आता स्मृतिस्थळ आहे. आम्ही तिथे गाडी बाहेर उभी करून आत गेलो. पोरे, जी तीन दिवस एक क्षण गप्प नव्हती, ती काही बोलली नाहीत. उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाबद्दल त्या घटनेनंतर बरीच चर्चा झाली. माझ्यापुरते मी एवढेच शिकलो की उतारावरचे कोणतेही काम सुचवताना आधी वरच्या पाण्याला वाट आहे का ते बघायचे, पिकाचा विचार नंतर.

मुक्कामाला पुढच्या एका वाडीवर गेलो. वाडी डोंगराच्या पोटाशी, रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर आत. शाळेच्या ओसरीत गाडी लावली तशी माणसे जमली. तरुण मंडळी चाकांच्या तारा वाजवून बघू लागली. एक साठीच्या मावशी मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, पाळण्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "साहेब, हिच्यात माणूस बसंल का?"

मी विचारले, "कशासाठी, मावशी?"

मग त्यांनी सांगितले. एका पावसाळ्यात वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग पडली. सरकारी माणसे आली, म्हणाली, चार रात्री खालच्या शाळेत जाऊन राहा. सांगितले सकाळी, निघेपर्यंत संध्याकाळ. अंथरुणे, तांदळाची पोती, भांडी, चुलीचे सरपण, सगळे डोक्यावर, भर पावसात, चार-चार खेपा. "पोरं पळत गेली. शेरडं गेली. राहिली आमची सासू. नव्वदीची, पाय नाहीत. तिला घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी नेली. दोनदा पाय घसरला त्यांचा. निघायला उशीर झाला तो काय आमच्या आळसानं नाही साहेब, तिला कसं न्यावं ह्याच्यापायी."

मी काही बोलू शकलो नाही. नाणेघाटात मी पोरांना ऐटीत सांगितले होते की उशिराने माणसे मेली. उशीर का होतो, हे या माउलीने मला सांगितले. घर सोडा म्हणणे सोपे असते. ओझे आणि म्हातारे माणूस कसे न्यायचे याचे उत्तर हातात नसले की घर सुटत नाही.

आम्ही तिथेच, अंगणात, एका पोराला पाळण्यात बसवून बघितले. चार फुटांत पाय मुडपून तो मावला, पण मावशींनी लगेच चूक दाखवली. "अहो, पदर चाकात जाईल की. हातबी." खरेच होते. पोत्यांना पदर नसतो, म्हणून आमच्या लक्षात आले नव्हते. शाळेतल्या जुन्या पत्र्याच्या दोन पट्ट्या कापून चाकांच्या आतल्या अंगाला तारेने आवळल्या. मागची फळी काढता-घालता येईल अशी केली, म्हणजे माणसाला सरकवून आत घेता यावे. पाठ टेकायला पुढच्या बाजूला पोते आणि त्यावर गोधडी. मग सासूबाईंनाच विचारले. त्या बसल्या. दोघे पुढे, एक मागे दोर धरून, शाळेपासून रस्त्यापर्यंत आणि परत. एकदा वाट एका अंगाला कलती होती तिथे गाडी झुकली, तेव्हा खालच्या अंगाने एकाने खांदा लावला. परत आल्यावर म्हातारी म्हणाली, "लग्नानंतर आता बसले गाडीत." सगळी वाडी हसली. मावशी मात्र हसता हसता डोळे पुसत होत्या.

गाडी कशासाठी आणि कशासाठी नाही

इथे एक गोष्ट निक्षून सांगतो. डोंगर सरकू लागला तर गाडीकडे वळायचेही नाही. लेकरू काखेत, म्हातारे पाठीवर, आणि आडव्या बाजूला पळायचे. रायगड जिल्ह्यात इरसालवाडीवर जुलै २०२३ मध्ये रात्री दरड आली. तिथे गाडीरस्ताच नव्हता. मदतीला गेलेली माणसेसुद्धा डोंगर चढून पायी गेली आणि यंत्रे वर नेता आली नाहीत. अशा वेळी चाक कोणाच्या कामाचे नाही.

गाडी आहे ती आदल्या दिवसासाठी. उतारावर नवी भेग दिसली, झाडे किंवा खांब कलले, कधी न बसणारे दार चौकटीत अडकू लागले, झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी आले किंवा नेहमीचा झरा अचानक बंद पडला, तर ही डोंगराची बोली आहे. ग्रामपंचायतीला, तलाठ्याला तेव्हाच कळवा आणि पाऊस वाढण्याआधी, उजेड आहे तोवर निघा. त्या दिवशी गाडी चार खेपांची एक खेप करते, चार माणसे मोकळी करते आणि घर सोडायला मन तयार करते.

उतारावरच्या वाडीत राहणाऱ्या घराने मृगाच्या आधीच गाठोडी बांधून ठेवावीत. एकात कागदपत्रे, सात-बारा, शिधापत्रिका, औषधे, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून. दुसऱ्यात तीन दिवसांचा कोरडा शिधा आणि एक पातेले. तिसऱ्यात अंथरूण-पांघरूण, एक ताडपत्री. चौथ्यात विजेरी, दोर, विळा, काडेपेटी. पिण्याचे पाणी वेगळे. प्रत्येक गाठोडे घरच्या बाईला एकटीने उचलता आले पाहिजे, ही कसोटी. हवा भरायचा पंप आणि चाकाचे जोडकामाचे सामान गाडीलाच बांधलेले असावे. गाडी नुसती कोपऱ्यात ठेवू नका. रोज शेणखताला, गवताला, पाण्याला वापरा. जे चाक रोज फिरते तेच आणीबाणीला फिरते.

पाचव्या दिवशी आहुपे गाठले. घाटमाथ्याच्या कड्यावर उभे राहिले की खाली मुरबाडकडचे कोकण निळ्या धुरात पसरलेले दिसते. खोपिवलीची वाट कड्यातून खाली उतरत जाते. इथेही चाक थांबते. पण यावेळी आमच्याकडे गाडीच नव्हती. ती आम्ही वाडीच्या शाळेत ठेवून आलो होतो. गाठोडी पाठीवर होती, प्रत्येकी बारा किलोच्या आत, आणि कोणाचा खांदा सोलला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात वाडीहून एकदा फोन आला. भेग काही वाढली नव्हती, देवाची कृपा. पण एका बाळंतिणीला गाडीतून रस्त्यापर्यंत नेली, असे सांगत होते. एरवी गाडीतून शेणखत चालते, भात चालतो. एका चाकाच्या चार तारा तुटल्या, त्या गावातच बदलल्या. मावशींनी निरोप पाठवला होता : "पाळणा आणखी एक फूट लांब पाहिजे. सासूचे पाय आखडतात."

वाचकहो, तुम्ही गाडी कराल तेव्हा पाळणा पाच फुटांचा करा. आणि करण्याआधी आपल्या घरापासून पक्क्या रस्त्यापर्यंत एकदा चालत जा. कुठे चाक चालते, कुठे थांबते, कुठे वाट कलती आहे हे बघून या. जमले तर चालताना बरोबर घरातले सगळ्यात म्हातारे माणूस घ्या. त्याला कुठे थांबावे लागते ते नीट पाहा. गाडीची मापे तीच वाट सांगेल.